पांढऱ्या सैनिकांची गोष्ट तपासताना

'रक्तातील पांढऱ्या पेशींचे कार्य लिहा.' हा दोन गुणांचा प्रश्न कोणत्याही शाळेत टाका, मुले न अडखळता उत्तर लिहितात : पांढऱ्या पेशी शरीरातील सैनिक आहेत, रोगजंतू आत शिरले की त्या त्यांच्यावर हल्ला करतात आणि त्यांना मारतात. उत्तर बरोबर धरले जाते, गुण मिळतात, आणि प्रकरण तिथेच संपते.

हे उत्तर चूक आहे असे आमचे म्हणणे नाही. आमची तक्रार वेगळी आहे. एखादी गोष्ट मुलांना पटकन कळावी म्हणून आपण उपमा देतो. पृथ्वी संत्र्यासारखी आहे असे सांगतो, पण पृथ्वी सोलून दाखवा असे कोणी म्हणत नाही. पांढऱ्या पेशींच्या बाबतीत मात्र उपमा हाच पाठ होऊन बसला आहे. पाठ्यपुस्तके, भित्तिचित्रे, गाइडे, दवाखान्यातील फलक, विज्ञानप्रदर्शनातील थर्माकोलची मॉडेले, सगळीकडे तेच सैन्य, तोच किल्ला, तेच शत्रू. एखाद्या कादंबरीतील नायक जसा समीक्षक तपासतो, तसा हा सैनिक एकदा तपासून पाहावा असा या लेखाचा हेतू आहे.

तपासायचा कशासाठी? एका शिक्षक-प्रशिक्षण वर्गात एका बाईंनी आम्हाला त्यांच्या वर्गातील मुलीचा प्रश्न सांगितला. ब्लड कॅन्सरमध्ये रक्तातील पांढऱ्या पेशी खूप वाढतात असे तिने कुठेतरी वाचले होते. तिने विचारले, 'सैनिक वाढले तर तो माणूस जास्त बळकट व्हायला हवा ना?' बाईंना चटकन उत्तर सुचले नाही. आम्हाला तो प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. मुलीने उपमा प्रामाणिकपणे पुढे नेली आणि ती कोसळली. दोष मुलीचा नाही, उपमेचा आहे. (रुडॉल्फ फिरखो यांनी १८४७ मध्ये या रोगाला 'ल्युकेमिया', म्हणजे पांढरे रक्त, हे नाव दिले. वाढलेल्या पेशी बहुधा अर्धवट घडलेल्या असतात, त्यांना आपले काम येत नाही, आणि अस्थिमज्जेतील जागा अडवून त्या निरोगी पेशी तयार होऊ देत नाहीत. म्हणूनच पेशींचा आकडा लाखावर गेलेला रोगीसुद्धा साध्या जंतुसंसर्गाने दगावू शकतो.)

खरे तर हीच गोष्ट आपल्या गावोगावच्या लोकांना दुसऱ्या वाटेने ठाऊक आहे. 'रक्तात इस्नोफिलिया निघालाय' असे आपण सहज ऐकतो. इओसिनोफिल ही पांढरी पेशीच. पण ती वाढली म्हणून सैन्यभरती झाल्याचा आनंद कोणी करत नाही; कृमी, हत्तीरोगाचा जंत, दमा, ॲलर्जी यांपैकी काहीतरी आहे हे ओळखून लोक औषध घेतात. म्हणजे उत्तरपत्रिकेतील पांढरी पेशी आणि पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमधील पांढरी पेशी या दोघींची आपल्या मनात कधी गाठच पडत नाही.

या सैनिकाचा जन्म कसा झाला ते पाहू. साल १८८२. मार्च महिन्यात बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला. त्याच वर्षाच्या अखेरीस सिसिली बेटावरील मेसिना या गावी इल्या मेचनिकॉफ हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ तारामाशाच्या पारदर्शक अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. घरची मंडळी सर्कशीला गेली होती. अळीच्या शरीरात इकडून तिकडे फिरणाऱ्या पेशी पाहताना त्यांच्या मनात आले की बाहेरून काही आत घुसले तर या पेशी तिथे गोळा व्हायला हव्यात. बागेतील झाडाचे बारीक काटे त्यांनी अळ्यांना टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यांभोवती फिरत्या पेशींचा घोळका जमला होता.

ही हकीकत मेचनिकॉफ यांनी स्वतः कितीतरी वर्षांनी लिहून ठेवली, आणि तेव्हापासून ती विज्ञानाच्या प्रत्येक लोकप्रिय इतिहासात आली आहे. पॉल डी क्रुइफ यांचे १९२६ चे 'मायक्रोब हंटर्स' हे पुस्तक अनेकांनी वाचले असेल. अनेक पिढ्यांना जीवाणुशास्त्राची ओढ त्या पुस्तकाने लावली. पण डी क्रुइफ यांचा मेचनिकॉफ हा तापट, विक्षिप्त, थोडा विनोदी माणूस आहे; त्याला एक कल्पना सुचते आणि तो तिच्यामागे धावत सुटतो. त्याआधी काय घडले होते ते या चित्रात पुसट होते, आणि आमच्या मते तीच या गोष्टीतील सर्वांत मोलाची बाब आहे.

मेचनिकॉफ हे डॉक्टर नव्हते. खालच्या वर्गातील प्राणी अन्न कसे पचवतात हा त्यांचा अभ्यासविषय होता. अमीबा अन्नाचा कण वेढून आत घेतो आणि पेशीतच पचवतो. स्पंज आणि चपटकृमी यांच्या काही पेशीही तसेच करतात. पुढे आतडे तयार झाले, पचनाचे काम त्याच्याकडे गेले, पण शरीरात अशा काही पेशी उरल्याच ज्यांची गिळण्याची सवय सुटली नाही. बेडकाच्या पिल्लाची शेपटी नाहीशी होते तेव्हा ती गिळण्यात अशाच पेशींचा हात असतो. या सगळ्या विचारात रोगजंतू नंतर येतात. आधी गिळणे, मग लढणे असा तो क्रम आहे. व्हिएन्नाचे प्राणिशास्त्रज्ञ क्लाउस यांनी या पेशींना 'फॅगोसाइट' हे नाव सुचवले, त्याचा अर्थ खाणारी पेशी. मराठीत आपण भक्षकपेशी म्हणतो. नावातही तलवार नाही, तोंड आहे. मेचनिकॉफ यांनीही पुढे लढाईची भाषा भरपूर वापरली हे खरे, कारण वादच तसा पेटला होता. बेहरिंग आणि किटासाटो यांनी १८९० मध्ये रक्तद्रवातील विषनाशक घटक दाखवल्यावर जर्मन पंडित म्हणू लागले की संरक्षण द्रवातून होते, पेशींचे त्यात काही नाही. शेवटी १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि पॉल एर्लिख यांना विभागून मिळाले.

या दोन बाजू जोडणारा दुवा लंडनच्या आल्मरॉथ राइट आणि डग्लस यांनी १९०३ मध्ये दाखवला. रक्तद्रवातील काही घटक जंतूंना चिकटतात आणि मग भक्षकपेशी ते जंतू भराभर गिळतात. या घटकांना त्यांनी 'ऑप्सोनिन' म्हटले. ग्रीक भाषेत 'ऑप्सोन' म्हणजे भाकरीबरोबरचे कालवण, आपल्या भाषेत तोंडीलावणे. वर्गात सांगायला यापेक्षा चांगली उपमा शोधून सापडणार नाही : प्रतिपिंड जंतूला मारतेच असे नाही, ते बहुधा त्याला चविष्ट करते.

राइट यांच्या या संशोधनावर बर्नार्ड शॉ यांनी १९०६ मध्ये 'द डॉक्टर्स डिलेमा' हे नाटक लिहिले. त्यात एक बडा डॉक्टर आहे. कोणताही रोग असो, त्याचा उपाय एकच, भक्षकपेशींना चेतवा! क्षयाने आजारी असलेला चित्रकार त्याच उपचाराखाली मरतो. कोव्हिडच्या साथीत, २०२० पासून, 'इम्युनिटी वाढवा' असे सांगत जे काढे, गोळ्या, पावडरी आणि बिस्किटेसुद्धा विकली गेली, त्यांच्या जाहिराती पाहताना आम्हाला शॉ यांच्या त्या डॉक्टरची वारंवार आठवण झाली. सव्वाशे वर्षे होत आली, गृहस्थ अजून प्रॅक्टिस करत आहेत.

ओघात एक जवळचा धागा सांगून ठेवतो. ओडेसा येथे मेचनिकॉफ यांच्या हाताखाली शिकलेला एक तरुण एकपेशीय जीवांवर काम करत होता. पुढे तो पॅरिसला आणि तिथून हिंदुस्थानात आला, आणि १८९७ च्या जानेवारीत मुंबईत त्याने स्वतः तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. वाल्डेमार हाफकिन. परळच्या संस्थेला १९२५ पासून त्यांचे नाव आहे. सूक्ष्मदर्शकाखाली अन्न गिळणारा एकपेशीय जीव पाहणे हा शाळकरी उद्योग आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता आजच्या सैनिकाकडे येऊ. आपल्या आठवी-नववीच्या, विशेषतः शहरांतील, बऱ्याच मुलांनी 'सेल्स ॲट वर्क' ही जपानी कार्टून मालिका पाहिली आहे. आकाने शिमिझु यांनी २०१५ पासून चित्रकथेच्या रूपात ती लिहिली-रेखाटली आणि २०१८ मध्ये तिची मालिका झाली. शरीर हे एक प्रचंड शहर, लाल पेशी म्हणजे ऑक्सिजनचे खोके पोहोचवणारी, रस्ता चुकणारी मुलगी, आणि पांढरी पेशी म्हणजे पांढऱ्या गणवेशातील, हातात सुरा घेतलेला, गंभीर चेहऱ्याचा तरुण. हा तरुण न्युट्रोफिल आहे. १९८७ च्या सुमारास आलेल्या अल्बेर बारिए यांच्या फ्रेंच मालिकेतही पांढऱ्या पेशी पोलिसांच्या वेषात होत्या, पण शिमिझु यांचे काम तपशिलात पुष्कळ पुढे गेलेले आहे.

आम्ही ही मालिका वैज्ञानिकाच्या कपाळावरील आठीसह पाहायला बसलो आणि बऱ्याच ठिकाणी ती आठी उतरली हे नमूद केले पाहिजे. न्युट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीतून वाट काढून बाहेर पडतो हे तिथे आहे. परागकणांच्या ॲलर्जीचा भाग तर आम्ही शिक्षकांना मुद्दाम पाहायला सांगू. त्यात परागकण स्वतः काही वाईट करत नाहीत. प्रत्येक पेशी नेमून दिलेले काम चोख बजावते आणि त्या सगळ्या चोखपणातून शहराचा विध्वंस होतो. मग स्टेरॉइड येते ते यंत्रमानवाच्या रूपात, आणि समोर येईल त्याला आडवे करते. ॲलर्जी हा दुबळेपणा नाही, ती अस्थानी केलेली कार्यक्षमता आहे, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारे पान आम्ही शालेय पुस्तकात पाहिलेले नाही.

पण दोन ठिकाणी ही मालिकाही जुन्याच खड्ड्यात पडते. पहिले, नायक मरत नाही. आपल्या अस्थिमज्जेत दररोज साधारण दहा हजार कोटी न्युट्रोफिल तयार होतात आणि त्यांचे आयुष्य काही तासांपासून थोड्या दिवसांचे असते. जखमेतील पू म्हणजे मुख्यतः मेलेले न्युट्रोफिल. काही न्युट्रोफिल तर स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून जंतू अडकवतात आणि बहुधा त्यातच संपतात. हे २००४ मध्ये प्रथम दाखवले गेले. ज्याला नाव आहे, चेहरा आहे, मैत्रीण आहे असा न्युट्रोफिल असू शकत नाही. कथेला नायक लागतो, शरीराला लागत नाही. लेखिकेची अडचण आम्ही समजू शकतो, पण मुलांना ही तडजोड सांगायला हवी.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. जंतू तिथे राक्षस आहेत, त्यांच्या चेहऱ्यावरच दुष्टपणा लिहिलेला आहे. पुढच्या भागांत लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू येतात ते गोंडस. म्हणजे चेहरा पाहून मित्र की शत्रू ते ठरते. प्रत्यक्षात सोनेरी स्टॅफिलोकॉकस हा जीवाणू दर तीन-चार माणसांमागे एकाच्या नाकात निमूटपणे राहत असतो, आणि तोच रक्तात गेला तर जीव घेऊ शकतो. ई. कोलाय आतड्यात मुक्कामाला, मूत्रमार्गात उपद्रवी. शत्रुत्व जंतूच्या चेहऱ्यावर नसते. तो कुठे आहे आणि तिथे काय करतो यावर ते ठरते. पॉली मॅट्झिंगर यांनी १९९४ मध्ये मांडले की प्रतिकारयंत्रणा 'आपले की परके' यापेक्षा 'इजा होते आहे की नाही' याकडे पाहत असावी. त्यांचे सगळे म्हणणे सर्वांना मान्य झाले असे नाही, पण प्रश्न विचारण्याची तऱ्हा मात्र बदलली.

मालिकेतील सर्वांत चांगले पात्र आमच्या मते महाभक्षी पेशीचे, म्हणजे मॅक्रोफेजचे आहे. झालरीचा पोशाख घातलेली, हसतमुख, शांत बाई, आणि हातात भला मोठा परशू. पण अस्थिमज्जेच्या भागात हीच बाई बालवाडी चालवताना दिसते, लहान लाल पेशींना सांभाळते. हा निव्वळ गंमतीचा भाग नाही. अस्थिमज्जेत महाभक्षी पेशीभोवती घडत्या लाल पेशींचा खरोखरच गराडा असतो, आणि लाल पेशी आपले केंद्रक टाकून देते ते हीच पेशी गिळते.

ही पेशी दिवसभर काय करते याचा हिशेब मांडला तर सैनिकाची उपमा सर्वांत जास्त उघडी पडते. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणजे दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक लाल पेशी निवृत्त होतात. त्यांना प्लीहेतील आणि यकृतातील महाभक्षी पेशी गिळतात, त्यातील लोह वेगळे काढतात आणि नव्या लाल पेशींसाठी परत देतात. रोज असे २० ते २५ मिलिग्रॅम लोह फिरते, तर अन्नातून आपण शोषतो ते जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. फुप्फुसातील महाभक्षी पेशी वायुकोशांचे अस्तर साफ ठेवतात. त्यांनी काम सोडले तर वायुकोश चिकट द्रव्याने भरून जातात आणि माणसाला धाप लागते, एकही जंतू नसताना. मेंदूतील त्यांच्या भावंडांना मायक्रोग्लिया म्हणतात. वाढत्या मेंदूतील नको असलेले चेताजोड छाटण्याचे काम त्या करतात असे गेल्या काही वर्षांत उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. यातल्या कोणत्याही कामात शत्रू नाही.

हे काम भित्तिचित्रावर का येत नाही? आमचा तर्क असा की आपल्या समाजात सैनिकाला सलाम मिळतो, सफाई करणाऱ्याला मिळत नाही, भंगार वेचून लोखंड वेगळे करणाऱ्याला तर नाहीच. शरीराचे चित्र काढतानाही आपण आपली उतरंड सोबत घेऊन जातो. हा विषय जीवशास्त्राच्या तासाला निघाला तर तो दाबू नये असे आम्हाला वाटते.

लसिकापेशींकडे वळले की युद्धाची उपमा दुसऱ्या बाजूने तोकडी पडते. सैन्याला शत्रू कोण ते आधी सांगितलेले असते. लसिकापेशींना काहीच सांगितलेले नसते. प्रत्येक पेशी घडताना तिच्यातील काही जनुकांचे तुकडे पत्ते पिसावेत तसे नव्याने जुळवले जातात आणि त्यातून तिच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट आकाराचा ग्राहक तयार होतो. हे तुकडे जुळणे सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवले आणि १९८७ चे नोबेल मिळवले. कुलूप अजून बाजारात यायचे आहे आणि किल्ल्या मात्र सगळ्या आकारांच्या तयार आहेत, असा हा उफराटा कारखाना आहे. जी किल्ली लागते तिच्याच पुढे लाखो नकला निघतात. ही कल्पना मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये मांडली होती. उत्क्रांतीचा धडा शिकवताना आपण विविधता आणि निवड हे शब्द वापरतो. तेच दोन शब्द इथे एका माणसाच्या शरीरात, एका आठवड्याच्या तापात, कामाला लागलेले दिसतात. २०१९ पूर्वी माणसाने न पाहिलेल्या विषाणूविरुद्धही आपल्याकडे पेशी कशा होत्या, याचे उत्तर यात आहे.

आता अशा अंदाधुंद किल्ल्यांमध्ये आपल्याच घराला लागणाऱ्याही असणार. म्हणून थायमस ग्रंथीत घडणाऱ्या टी-पेशींपैकी शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक तिथेच मरतात : काहींना काहीच ओळखता येत नाही म्हणून, काही आपल्याच पेशींना फार घट्ट धरतात म्हणून. त्यातूनही निसटलेल्यांना आवर घालण्यासाठी नियामक टी-पेशी असतात. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवल्या तेव्हा बऱ्याच सहकाऱ्यांनी भुवया उंचावल्या होत्या. मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये आजारी उंदरांच्या एका जातीवरून त्यामागचे जनुक शोधले. या तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. लक्षात घेण्यासारखे हे की, हे पारितोषिक लढण्याच्या नव्हे तर न लढण्याच्या यंत्रणेसाठी होते. आतड्यातील कोट्यवधी जीवाणू, पोटातील अन्न, आईच्या गर्भाशयातील निम्मे परके असलेले मूल, हे सगळे सोसले जाते ते आपोआप नाही. त्यासाठी पेशी राबत असतात.

आणि मग क्षय. भारतात जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एकचतुर्थांश आहेत, त्यामुळे पांढऱ्या पेशींचा धडा आपल्या देशात क्षयाशिवाय पुरा होऊच नये. कॉख यांनी १८८२ मध्ये दाखवलेला जंतू राहतो कुठे, तर त्याच वर्षी मेचनिकॉफ यांना जिचे महत्त्व उमगले त्या भक्षकपेशीत. महाभक्षी पेशी त्याला गिळते, पण गिळलेल्या कोषाला पाचक कोष येऊन मिळू नये अशी व्यवस्था हा जंतू करतो. ही गोष्ट १९७१ मध्ये प्रयोगाने दिसली. मग पेशींचा थर त्याच्याभोवती गाठ बांधतो आणि बहुतेक माणसांत हे प्रकरण जन्मभर तसेच थोपून राहते. दहा बाधितांपैकी फार तर एकाला पुढे रोग होतो. याला विजय म्हणायचे की पराजय? संधिवातावर दिली जाणारी काही औषधे प्रतिकारयंत्रणेतील एका रेणूला अडवतात. ती घेणाऱ्यांत दबलेला क्षय उसळतो असे २००१ मध्ये लक्षात आले, आणि आता असे औषध सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात.

कुष्ठरोगाचे उदाहरण आणखी बोलके आहे, आणि महाराष्ट्रातील शिक्षकांना ते परके नाही. एका टोकाच्या रुग्णात जंतूंविरुद्धची पेशींची प्रतिक्रिया जवळजवळ नसते आणि जंतू अफाट वाढतात. दुसऱ्या टोकाच्या रुग्णात प्रतिक्रिया जोरदार असते, जंतू शोधूनही मिळत नाहीत, पण नस मात्र जाड होते, दुखते, हाताची बोटे वाकतात. ती नस बऱ्याच अंशी आपल्याच पेशींच्या दाहाने बिघडते. औषध चालू असताना मध्येच अशी प्रतिक्रिया उसळली तर डॉक्टर जंतूंचे औषध चालूच ठेवून दाह शमवायला प्रेडनिसोलोन देतात. ज्याने 'सैनिक जितके जोरात तितके चांगले' एवढेच शिकले, तो रुग्ण औषधानेच बिघाड झाला असे समजून उपचार सोडून देतो. उपमा चुकीची शिकवल्याची किंमत इथे हाताच्या बोटांत मोजावी लागते.

कोव्हिडमध्ये तर हे दोन्ही अंगांनी दिसले. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीचा निष्कर्ष आला : श्वासयंत्रावरील रुग्णांत डेक्सामेथासोनने मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. प्रतिकार दाबणारे स्वस्त औषध जीव वाचवत होते. पण ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता त्यांना त्याचा फायदा झाला नाही. पुढे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत, बेसुमार मधुमेह आणि सढळ हाताने दिलेली स्टेरॉइडे यांच्या संगतीने महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे, लोक ज्याला काळी बुरशी म्हणत त्याचे, रुग्ण मोठ्या संख्येने आले. हवेत सदैव असणाऱ्या या बुरशीला एरवी न्युट्रोफिल आणि महाभक्षी पेशी गुपचूप आवरून धरतात. त्या वेळी घरोघरी काढे उकळत होते. कोणती पांढरी पेशी वाढवायची, किती, आणि कुणासाठी, हे विचारण्याची सवय शाळेने लावलेली असती तर? आम्ही शाळेवर सगळे ढकलत नाही. पण प्रश्न विचारता येण्याइतके शब्द तरी मुलांजवळ असायला हवे होते.

मग शिकवायचे कसे? सैनिक पूर्ण हाकलून द्यावा असे आम्ही म्हणणार नाही. तापाने फणफणलेल्या मुलाला सांगताना ती उपमा उपयोगी आहे. पण वर्गात तिच्या आधी दोन गोष्टी दाखवाव्यात. पहिली, घरच्या कोणाच्या तरी रक्तचाचणीचा कागद, नाव झाकून. घन मिलिमीटरमध्ये लाल पेशी पन्नास लाखांच्या आसपास, पांढऱ्या ४,००० ते ११,०००. भागाकार मुलांना करू द्या. नंतर न्युट्रोफिल, लसिकापेशी, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल यांची टक्केवारी पाहा. हेही सांगा की शरीरातील लसिकापेशींपैकी शंभरात दोनच एका वेळी रक्तात असतात, बाकीच्या लसिकाग्रंथी, प्लीहा, आतड्याची भिंत अशा ठिकाणी. रक्त हा त्यांचा रस्ता आहे, मुक्काम नाही.

दुसरी, मेचनिकॉफ यांच्या क्रमाने जाणारा एक स्वस्त प्रयोग. वाळके गवत पाण्यात भिजवून आठवडाभर ठेवले, त्यात डबक्याचे थोडे पाणी घातले, की पॅरामेशियम मिळतात. पावाचे चिमूटभर यीस्ट काँगो रेडच्या द्रावणात उकळून, गार करून, त्याचा एक थेंब त्यांना द्या. थोड्याच वेळात लाल कण आत गेलेले दिसतात. काँगो रेड आम्लात निळा होतो, त्यामुळे अन्नकोषात आम्ल सुटले की लाल ठिपके निळसर व्हायला लागतात. रंग पालटायला काही मिनिटे लागतात, तेवढ्यात काचपट्टी सुकू लागते, म्हणून कडेने पाण्याचा थेंब सोडत राहावे. हालचाल फार वाटली तर कापसाचे दोन-तीन तंतू काचपट्टीवर टाकले की पॅरामेशियम त्यांत अडकून स्थिर राहतात. आणि त्या तासाला पांढऱ्या पेशींचे नाव काढू नये. ते पुढच्या तासाला काढावे.